पाइपातली लव

"दोन तास फिरला तरी टॉवेल ओलाच," फोनवर हिल्का म्हणाली,
"म्हातारा झाला असेल. आम्ही सगळेच झालोय."
बाहेर उणे एकतीस. थंडर बेला जानेवारीत
दोरीवर टाकलेली पँट पुठ्ठ्यासारखी उभी राहते,
म्हणून ड्रायरची तक्रार करताना इथली माणसं
आवाज खाली आणतात,
घरात कुणी आजारी असल्यासारखा.

मी आधी घराला वळसा घातला.
अठरा वर्षांची सवय. यंत्राचं तोंड आत, नाक बाहेर.
भिंतीवरच्या झडपेवर बर्फ नव्हता, तरी ती उघडत नव्हती.
वाफेचा लोट यायला हवा तिथे एक बारीक श्वास,
झोपलेल्या मांजराचा असतो तेवढा.

तळघरात ड्रायर पुढे ओढला.
मागे प्लास्टिकचा पाइप, दोन ठिकाणी मुडपलेला.
"हा कुणी लावला?"
"टाउनोने. ब्याण्णव साली."
मेलेल्या माणसाच्या कामातली चूक
त्याच्या बायकोसमोर काढायची
तर आधी पाना खाली ठेवावा लागतो.
मी ठेवला.

मग कोपरापर्यंत हात घातला.
लव निघू लागली, राखाडी, दाट, गादीतल्यासारखी.
संपेचना.
मध्येच एक लाल पट्टा.
"त्याचा फ्लॅनेलचा शर्ट. आता मी घालते."
मग पांढरे राठ केस.
"हा नुप्पू. कुत्रा. जाऊन सहा वर्षं झाली."
आणि यंत्राच्या पोटात, तापणाऱ्या तारेजवळ,
एक तपकिरी थर, करपलेल्या पापुद्र्यासारखा.
तो मी तिच्या तळहातावर ठेवला.
"हा पेटायला निघाला होता," एवढंच म्हणालो.

तिने वास घेतला.
"जाळी दर खेपेला साफ करता ना?"
"कुठली जाळी?"

मी दारातली फट दाखवली, जाळी उपसली.
तिच्यावर लवेचं घोंगडं.
हिल्का खालच्या पायरीवर बसली.
"म्हणजे तो इथे हे करायचा.
दर धुण्यानंतर खुडबुड करायचा, खिसा फुगवून वर यायचा.
लव अंड्यांच्या पुठ्ठ्यात भरायची,
वर उरल्यासुरल्या मेणबत्त्यांचं मेण ओतायचं.
तळ्याकाठी सौनाची चूल एका काडीत पेटायची.
मला वाटायचं, पुठ्ठे दुकानातून आणतो."
मग बराच वेळ काही नाही.
"चार वर्षं मी सौना पेटवली नाही, ड्यूई.
ती बघ कुठे साठत होती."

मी धातूचा सरळ पाइप बसवला.
आत डोकावणारा एकही स्क्रू नाही, स्क्रूला लव अडकते;
सांध्यांवर चकचकीत पट्टी.
हात चालू ठेवून सांगत गेलो:
झोपताना लावायचा नाही, बाहेर जाताना तर नाहीच.
तेलाचं फडकं धुतलं तरी आत टाकायचं नाही,
तेल धुण्याने जात नाही, नुसतं गप्प बसतं.
शेवटची दहा मिनिटं तो गार फिरतो, ती मोडायची नाहीत;
गरम कपड्यांचा ढीग आतून तापत राहतो.
ती पाकिटामागे लिहून घेत होती, फिनिशमध्ये.
एक शब्द मोठा, खाली दोन रेघा.
"हे सगळ्यात महत्त्वाचं का?"
"नाही," ती म्हणाली. "लोणी संपलंय."

फेब्रुवारीत तिचा फोन आला.
"एकोणचाळीस मिनिटं. टॉवेल खडखडीत."
मागे घरघर ऐकू येत होती.
"त्याच्यापाशीच बसलेय, विणकाम घेऊन.
थांबेपर्यंत हलत नाही.
पुठ्ठे तीन भरलेत."
घरघर मंदावली, थांबली, शिट्टी वाजली.
झाकण उघडल्याचा आवाज, मग जाळीचा.
"बर्फ वितळल्यावर येशील?
सौनाच्या धुराड्यातही एकदा
कोपरापर्यंत हात घालून बघ."