कडा

शुक्रवारी खिडकीशी पोचलो की
डोलोरेस न विचारताच दहा रोल सरकवते काचेखालून.
तिला वाटतं, कपडे धुवायच्या मशीनला लागतात.

स्क्रँटनमध्ये बर्फ साचला की रात्र हलत नाही.
टेबलावर जुना टॉवेल, त्यावर चारशे पावल्या
(क्वार्टरला मी पावलीच म्हणतो, चाळीस वर्षं झाली तरी).
चेहरे बघायचे नाहीत. कडा बघायच्या.
तांब्याची रेघ, तांब्याची रेघ,
पासष्टपासून सगळ्यांच्याच पोटात तांबं.

काल एक कड पांढरी निघाली.
एकसष्टची. टाकून पाहिली,
खट् करून गप्प बसली नाही,
बराच वेळ बोलत राहिली.

आणि गालावर लाल नेलपॉलिश.
कुण्या बारवाल्याने लावलं असणार,
गाण्याच्या पेटीत स्वतःच टाकायला,
म्हणजे पेटी उघडली की
घरचं नाणं घरी.

हे काही घरी गेलं नाही.

उरलेल्या तीनशे नव्व्याण्णव सोमवारी दुसऱ्या बँकेत.
डोलोरेसकडे नकोत, फिरून माझ्याच पदरात यायच्या.
ही कोटाच्या खिशात.
चांदीचा भाव पाहिला नाही अजून.
पार्किंगच्या मीटरपाशी सुटे चाचपताना
नेमकी हीच येते बोटांत,
आणि मागे गाडीवाला हॉर्न वाजवत असतो.