पाठीवरची

आईची बोटं थंडीत आधी पांढरी व्हायची,
मग जांभळी, मग कुणाचीच नसल्यासारखी.
पेनिशमध्ये वारा बाराही महिने समुद्रावरून येतो,
त्यामुळे तीन वर्षं आम्ही वाऱ्यालाच बोल लावला.
मग कातडी ताठली. मूठ मिटेना.
लेसच्या उशीवर लाकडी रिळं लोंबत राहिली,
अर्धाच मासा विणून झालेला,
टाचण्या गंजल्या.

कोइंब्राच्या इस्पितळात तिच्या दंडाची कातडी काढली,
मसुराच्या दाण्याएवढी.
अभ्यासासाठी लागते, डॉक्टर तेलेश म्हणाले.
पेन धरवेना, म्हणून तिचा हात माझ्या हातात घेऊन
'दिओलिंदा' एवढंच लिहिलं आम्ही दोघींनी.

चार महिन्यांनी मला फोन.
तुमच्या आईला मुलगे किती?
एकही नाही. आम्ही दोघी, ग्रासा आणि मी.
पलीकडे कागद चाळल्याचा आवाज.
कधी रक्त चढवलं होतं? तिला जुळा भाऊ?
नाही, नाही.
मग तिच्या कातडीत लाखात दोन-चार पेशी
पुरुषाच्या आहेत, त्या कुणाच्या?

कोबीचं सूप भरवताना मी तिला सांगितलं.
तिने घास गिळला. खिडकीकडे पाहिलं.
"शहात्तरचा मार्च. ग्रासा दोन वर्षांची होती.
सार्डिनच्या कारखान्यात, उभ्या पाळीत.
तिसरा महिना सरत आला होता.
मुकादमीण म्हणाली, बादली धुऊन ठेव.
मी धुऊन ठेवली."
आणि मग, "मीठ कमी आहे."

तीस वर्षं तिने हे पोटात ठेवलं
असं म्हणायची सोय नाही.
पोटात नव्हताच तो.
दंडात राहायला गेला होता,
कदाचित काळजात, कदाचित गळ्याच्या गाठीत,
भाडं न भरता, आवाज न करता.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना सरळ विचारलं :
हे त्यानं केलं का?
अंग अंगावरच उलटलंय म्हणाला होतात.
की उलटलंय ते त्याच्यावर?
त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ.
दुखऱ्या कातडीत ते जास्त सापडतात, हे खरं.
पण दुखवायला आले की दुरुस्तीला, ते आम्हाला ठाऊक नाही.
ठणठणीत बायकांतही सापडतात.
मला आमचा धक्का आठवला :
होडी खडकावर आपटली की सगळं गाव तिथे धावतं,
आणि लांबून पाहणाऱ्याला वाटतं
ह्या गर्दीनंच काहीतरी केलंय.

आणि आम्ही? ग्रासा आणि मी?
"तुम्हीही असालच. पण मुलाचा वाय उठून दिसतो.
मुलगी आईसारखीच दिसते,
आमच्या चाचणीला वेगळी कळत नाही.
तुम्हाला धरून चालायचं."
मला हसू आलं, इस्पितळात शोभणार नाही असं.
बत्तिसाव्या वर्षी नोकरी सोडून तिला भरवणारी मी,
तिच्या रक्तातसुद्धा धरूनच चालायची.

त्याच्यानंतर दोन वर्षांनी मी आले,
त्याच खोलीत, तो गेल्यावर.
काही मागे ठेवून गेला असेल तर
ते माझ्याही अंगाला लागलं असणार.
डॉक्टरांना हे विचारलं नाही.
डाव्या हातानं लिहिणारं घरात कुणीच नव्हतं,
मी का लिहिते, एवढंच कधी कधी मनात येतं.

रात्री तिच्या हातांना ऑलिव्हचं तेल लावते.
कातडी चामड्यासारखी लागते, तेल पीत नाही.
दंडावरच्या त्या बारीक वणापाशी आले
की ती श्वास धरते.
दुखतं का?
"नाही," ती म्हणते. "तो तुकडा
ते परत देतात का गं,
विचारशील?"