इतर (नमूद करा)

प्रपत्र एकेचाळीस. धुरपताबाई, वय बावन्न,
मुक्काम घाटनांदूर. उपचार अंबाजोगाईला,
आठवड्यातून दोनदा, मशीन नंबर चार.
डायलिसिस चालू असताना पायात गोळे येतात का?
येतात.
रक्तदाब उतरला की काय होतं?
"भिंत लांब जाती."
मी लिहितो: चक्कर, होय.

डाव्या हातावर फिस्टुला. बोट ठेवलं
की खाली गिरणी चालू असल्यासारखी थरथर.
त्याच हातावर कान ठेवून झोपते म्हणाली,
चालू हाय का बघायला.
याला रकाना नाही.

दिवसाला पाणी किती?
"सांगितलंय तेवढंच. अर्धा लिटर."
दोन दिवसांत वजन साडेतीन किलो वाढलेलं.
चप्पल काढून, जोडवी काढून,
कमरेची पिशवीसुद्धा माझ्या टेबलावर ठेवून
ती काट्यावर उभी राहिली होती.
मी अर्धा लिटर लिहिलं.

शेजारच्या वॉर्डात प्रपत्र बेचाळीस:
मुंजाजी, केजचा, यकृत.
दारू? "सणासुदीला."
सण मोजत गेलो तर वर्ष पुरेना.
त्या दिवशी त्याच्या पोटातून पाच लिटर काढलं,
पिवळसर. कॅन वऱ्हांड्यातून नेताना
धुरपताबाईनं बघितलं.
"एवढं पानी त्याच्या पोटात,
आन मला कामून मोजून?"
उत्तर मला पाठ होतं, अल्ब्युमिनपासून सुरू होतं.
दिलं नाही.

नळ नऊ दिवसांनी.
मशीन एका बैठकीला सव्वाशे लिटर पितं.
टँकर आला नाही की आम्ही चारऐवजी तीन तास लावतो.
सर म्हणाले, तो वेगळा विषय होईल.

मार्चमध्ये माहिती गोठवली.
शहाऐंशी रुग्ण. सात जण 'संपर्काबाहेर'.
त्यातला एक खरंच लेकीकडे गेलाय.
बाकीचे कुठे आहेत, मला माहीत आहे.

त्यानंतरच्या बुधवारी, सुई टोचायच्या आधी,
धुरपताबाई हळूच म्हणाली,
"साहेब, त्या कागदावर मी लबाड बोलले.
सून झोपली की दोन तांबे पिते.
रांजणावरचं ताट पदरानं उचलते, वाजू नाही म्हणून.
खोडून लिव्हता येतं का?"

सरांना विचारलं. माणूस वाईट नाही.
म्हणाले, मर्यादांमध्ये एक वाक्य टाक.
पान नऊ, शेवटून दुसरी ओळ:
'काही माहिती रुग्णांनी स्वतः सांगितलेली आहे.'
दोन्ही तांबे त्या वाक्यात आहेत,
ताट आहे, पदर आहे, झोपलेली सून आहे.

मी तिला म्हणालो, लिहिलं.
"किती लिव्हलं?"
दोन.
"दीड लिव्हा," ती म्हणाली,
आणि हात पुढे केला.