माठ कुठे ठेवायचा

पाचपावलीतल्या ट्रस्टच्या हॉलमध्ये
अकरा खुर्च्या मी गोल मांडल्या.
देवतळेसाहेबांची टेबलामागची खुर्चीही ओढून आणली गोलात.
त्यांना ते रुचलं नाही.
सचिव माणूस,
समोर टेबल नसलं की हातांचं काय करावं कळेना.

पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या, स्केचपेनं वाटली,
आणि प्रत्येक खुर्चीच्या पायाशी
एकेक थंडगार बाटली पाण्याची.
मे महिना, सेहेचाळीस अंश,
एवढा तरी पाहुणचार.

म्हटलं, नवीन डायलिसिस सेंटर तुमचं आहे,
मनात येईल ते लिहा, चूक काहीच नसतं.
तेवढ्यात कूलर सुरू झाला
आणि भिंतीवरच्या चिठ्ठ्या गळाल्या
आंबिया बहार गळावा तशा.
कूलर बंद केला तर माणसं वितळायला लागली.
शेवटी रुबीना सिस्टरनं आतून सुई बांधायची चिकटपट्टी आणली,
घामेजल्या कातडीवर टिकते,
भिंतीवर टिकलीच.

साहेबांच्या चिठ्ठ्या आधी लागल्या :
काचेचा दरवाजा. हॉटेलसारखं रिसेप्शन.
देणगीदारांची नावं दर्शनी भागात,
खास करून वॉटर कूलरवरचं,
कैलासवासी वडिलांच्या स्मरणार्थ आहे तो.

मग छबू मेश्राम उठली, झाडूपोछावाली,
चिठ्ठी कोरीच हातात :
‘मले लिहिता येत नाही, बोलतो.
पुसायचं पाणी फेकू कुठं?
तुमच्या कागदावर?’
मी नकाशा पाहिला.
तीन महिने काम केलं होतं त्यावर,
मोरी नव्हती.

निनावेकाका तोवर गप्प.
डाव्या दंडावरची फुगलेली शीर दुपट्ट्याखाली झाकलेली.
पूर्वी यंत्रमागावर होते, गोळीबार चौकात.
रुबीनाला म्हणाले होते एकदा,
हात ठेवून पाय पोरी इथं,
माग अजून चालूच हाय.

मी विचारलं,
काका, पाणी घेत नाही?

खोली चूप.
रुबीनानं माझ्याकडे पाहिलं, मग खाली.

‘दिवसाचं अर्धा लिटर हाय आमाले,’ ते म्हणाले,
‘त्यातलं चहात गेलं सकाळीच.
राग नका मानू म्याडम.
पण तुमच्या नकाशात तो कूलर बरोबर खाटांसमोर हाय.
चार घंटे सुई टोचून पडून राहायचं,
अन् समोर लोक येऊन गटागटा पिऊन राहिले.
घशाचा आवाज येते.
माठ असो का कूलर,
डोळ्यांसमोर नोको.’

मी मोजलं.
पाच बाटल्यांची सीलं शाबूत,
पाचही त्यांच्याच खुर्च्यांशी.
माझी अर्धी रिकामी होती, झाकण मांडीवर.
बोलता बोलता मी पीतच होते,
सवयीनं,
दर दोन वाक्यांनी.

देवतळेसाहेब म्हणाले, अहो पण पाटी आहे त्यावर,
पाटी दिसायला नको?
छबू म्हणाली, पाटी भिंतीवर राहू द्या ना बापा,
पाणी वळणाआड न्या, माझ्या मोरीपाशी.
कोणी हसलं. साहेब हसले नाहीत.
पेन्सिल मात्र त्यांनी मागितली,
आणि खुर्चीतून खाली वाकून, बूट काढून,
सतरंजीवर नकाशाशी बसले.
म्हणाले, देणगीदारांशी बोलावं लागेल.
हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

इतिवृत्तात मी लिहिलं :
मोरी, ठरली. कूलर, ठरायचा.
त्या दिवशी मी काय आराखडले आणि काय नाही
याला इतिवृत्तात रकाना नाही.

निघताना काकांनी बाटली परत दिली,
‘गरम झाली, पण बंद हाय, कोणाले होईल.’
कमाल चौकात सिग्नलला उभी होते,
जीभ टाळूला चिकटलेली,
बाटली स्कूटरच्या हुकाला.
हिरवा पडला.
मागचा हॉर्न वाजवून राहिला.
झाकणापाशी गेलेला हात
मी परत हँडलवर आणला.