तिसऱ्या रांगेतला कुलूपवाला

मागच्या शुक्रवारचा तो मारधाडीचा सिनेमा.
अठ्ठावीस दारं लाथेनं तोडली त्या पठ्ठ्यानं.
मी मोजली.
एकदाही घोटा सुजला नाही त्याचा.

एकतीस वर्षं मी कुतैसीत कुलपं उघडतोय, त्सिआला,
तिकीट फाडताना हसू नकोस.
सोव्हिएत काळातलं पोलादी दार
लाथेला भीक घालत नाही.
नुसतं बघत राहतं तुझ्याकडे,
आणि तेवढ्यात समोरची शेजारीण डोकं बाहेर काढून विचारते,
कोण मेलं?

तरी सहा देतो मी त्याला, दहापैकी.
जिन्यातली ती मारामारी,
चौथ्या मजल्यापासून तळापर्यंत एका दमात, कुठेही न कापता,
तिच्यात तो मध्येच कठडा धरून थांबतो
आणि धापा टाकतो, म्हाताऱ्या बैलासारखा.
चार गुण त्या धापेचे.
दोन खलनायकाच्या कोटाला.

भयपटांचं म्हणशील, तर
हल्लीची भुतं फार घाईत असतात.
अंधार स्वस्त, आवाज महाग.
आरसा दाखवला की मी सूर्यफुलाच्या बिया खाली ठेवतो,
आता मागे कुणीतरी उभं असणार,
असतंच.
माझा भाचा माल्खाझ मात्र पाय खुर्चीवर घेतो.
बावीस वर्षांचा, सैन्यातून नुकता परतलेला.
त्याला मी काही म्हणत नाही.

आणि ते रहस्यपट!
केसातल्या पिनेनं चार सेकंदांत तिजोरी!
पिनेनं केस बांधावेत, बाई.
भिंतीवर फोटो, फोटोंना लाल दोरा,
दोऱ्याकडे बघत रात्रभर सिगारेट ओढणारा इन्स्पेक्टर.
आमच्या ठाण्यातल्या इन्स्पेक्टरला
टेबलच अर्धं मिळालंय,
भिंत कुठली?

पण मंगळवारचा तो छोटा सिनेमा.
आठ जण होतो आपण, तुला धरून.
बाई दारापाशी येते. हातात किल्ली.
आणि कॅमेरा तिच्या पाठीमागेच थांबतो,
एक मिनिट, दोन,
संगीतसुद्धा नाही,
तीन.
पुढच्या रांगेतली पोरं उठून गेली, पैसे परत मागायला.

मी हललो नाही.

नदीकाठच्या नऊमजली इमारतीत मला असंच बोलावलं होतं,
जानेवारीत, पहाटे.
लिफ्टमध्ये टाकायला नाणं नव्हतं,
सात जिने चढलो हत्यारांची पेटी घेऊन.
मुलगी दारात उभी. आई दोन दिवस फोन उचलत नाही, म्हणाली.
पुढे काहीच बोलली नाही.
आत नळ टपकत होता.

कुलूप साधं होतं. मुद्दाम वेळ लावला मी.
शेवटचा दांडा सरकतो तेव्हा
बोटांना कळतं आधी, कानांना नंतर.
खट्.
मग आमच्या धंद्यात एक पाऊल मागे सरायचं असतं.
दार कुलूपवाल्यानं ढकलायचं नाही.
ते घरच्यांनी.

ती ढकलेना.
आम्ही दोघं उभे होतो
त्या अर्ध्या बोटाएवढ्या फटीसमोर.
किती वेळ, ते विचारू नकोस.
अंगावर काटा म्हणजे काय, ते मला
कुठल्याही भुतानं शिकवलेलं नाही.

म्हातारी जिवंत होती.
न्हाणीघरात पडलेली, खुबा मोडलेला, ओठ निळे.
तिचं पहिलं वाक्य:
या कुलपाचे पैसे कोण देणार?

मी घेतले नाहीत.
चल, खोटं कशाला, अर्धे घेतले.

तर त्या मंगळवारच्या सिनेमाला किती?
बाई शेवटी आत जाते तेव्हा
खोलीत काय दिसतं, ते मला पटलेलं नाही,
फार रक्त, आणि रक्त इतकं लाल राहत नाही.
तिथे दोन कापले.
पण ती तीन मिनिटं ज्यानं कुणी घेतली,
तो कधीतरी कुणाच्या तरी दाराबाहेर उभा राहिलाय.
एवढं मी लिहून देईन.

बाकी, तुमच्या थिएटरच्या मागच्या दाराचा खटका ढिला आहे.
ऐन शांततेत वाजतो.
उद्या येतो बघायला.
फुकट नाही हं.
शनिवारच्या नव्या भुताची दोन तिकिटं,
आणि माल्खाझला कडेची खुर्ची.