पाय हलवू नका

पाय हलवू नका, निखारेकाका,
काचेआडून दुसऱ्यांदा सांगते मी.
मेडिकलच्या तळघरात रात्रीचे पावणेदोन,
वर मे महिना, इथं मी स्वेटरमध्ये.

ताप उतरून महिना झाला, खोकलाही गेला.
फक्त घरची वाट गोळीबार चौकात येऊन थांबते
आणि धाग्यांचा हिशेब
चाळीसनंतर विस्कटतो, असं सून म्हणाली.

मशीन ठोकू लागतं.
खट्टक खट्टक खट्टक.
चादरीखाली त्यांचा उजवा पाय
दाबतो, सोडतो, दाबतो.
पडद्यावर मेंदू ओल्या शाईसारखा फरकटतो.
सतरा वर्षांपूर्वी भंगारात गेलेला माग
या नळीत पुन्हा सुरू झालाय.

तिसऱ्या वेळी आत जाऊन
पावलांवर वाळूची पिशवी ठेवते.
आता चित्र स्वच्छ.
दोन्ही अर्ध्यांना जोडणाऱ्या पट्टीत, मागच्या टोकाला
मुगाच्या दाण्याएवढा पांढरा डाग.
सकाळी हेडाऊ मॅडम लिहितील,
‘विषाणूसंसर्गानंतरचा बदल असू शकतो.’
असू शकतो, हे आमच्याकडे रोज लागतं,
मिठासारखं.

जाताना काका पडद्यापाशी थबकतात.
मला काही सांगायची परवानगी नाही.
विचारतही नाहीत ते,
काचेपासून वीतभर लांब बोट धरतात,
“इथं ताना ढिला झाला न बाई.
सांधता येते हे.
पन पयले माग थांबवा लागते.”

मशीन केव्हाचं बंद आहे.
व्हीलचेअर लिफ्टकडे वळते,
पायटीवर त्यांची चप्पल
दाबते, सोडते, दाबते.