भोंग्याआधी एक

फोंड्याच्या इस्पितळात, नऊ नंबरच्या खिडकीवर
कारकुनानं तिला पाहिलं
आणि खालच्या खणातून परदेशी लोकांचा फॉर्म काढला.
ती म्हणाली, "हांव हल्याळची, बाबा. तूं खंयचो?"
रांग हसली. तो हसला नाही.
फॉर्म मात्र परत खणात गेला.

नाव रेमेदीन सिद्दी.
वय, "लिही तुला वाटेल ते."
काम, बेतोड्याच्या कारखान्यात काजू सोलणे.
पत्ता विचारल्यावर दुधाच्या पिशवीतून
घडीवर फाटलेलं रेशन कार्ड निघालं.
ते तिनं काचेला टेकवून धरलं, हात न थरथरता,
याआधी पुष्कळ काचांना टेकवलं असावं तसं.

मी तिथली सिस्टर. एकवीस वर्षं.
तिच्या बोटाला चिमटा लावला.
बोटं काजूच्या तेलानं खाल्लेली,
पेरांवरची साल निघून परत आलेली.
यंत्र म्हणालं, सत्त्याण्णव.
मी म्हणाले, "ठीक आहे सगळं."
आणि ती तर एका वाक्यात तीनदा थांबत होती
श्वास गोळा करायला.
तिनं यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"बाय, ह्या डबीला मी दिसते का?"

आमच्या पुस्तकात पुरळ लाल असायचं,
ओठ निळे पडायचे, चेहरा पांढराफटक.
कुणाचा चेहरा, ते मी कधी विचारलं नव्हतं.
परीक्षेत मात्र पैकीच्या पैकी.

मग खालची पापणी ओढली.
ओठ उलटून आतून बघितला.
तळहात खिडकीच्या उजेडात धरला.
तिथं होतं लिहिलेलं,
फिकं, पण वाचता येण्याजोगं.
ऑक्सिजन लावला. दाब दोनदा मोजला,
पहिला आकडा मलाच खरा वाटेना.

साष्टीचा एक शिकाऊ डॉक्टर तिचा कागद वाचून म्हणाला,
"रेमेद म्हणजे औषध! छान नाव."
ती मास्कच्या आतून म्हणाली,
"मग औषधाला तीन तास रांगेत का ठेवलंत?"

गोळ्या तिला पूर्वीही मिळाल्या होत्या.
निम्म्या बहिणीला दिल्या,
उरलेल्या डोकं दुखेल त्या दिवसासाठी
मिठाच्या बरणीमागे.
हे तिनं कबुलीसारखं नाही सांगितलं.
घरात जे असतं ते वाटून खातात, एवढंच.

मी पाकिटावर सूर्य काढला. शेजारी चंद्र.
स्वतःवर जरा खूशच होते.
"सूर्य येतो तेव्हा माझी एक पाटी सोलून झालेली असते,"
ती म्हणाली, "आणि चंद्राचा काय भरवसा."
माझ्या हातातलं पेन घेतलं,
कारखान्याचा भोंगा काढला.
धोत्र्याच्या फुलासारखा दिसत होता.
फुलाच्या अलीकडे एक ठिपका.
भोंग्याआधी एक. दुखो, न दुखो.

पुढच्या महिन्यात तिच्याबरोबर सहाजणी आल्या.
एका खोलीत राहणाऱ्या, एका बादलीवर अंघोळी करणाऱ्या.
मी प्रत्येकीच्या पाकिटावर फूल काढलं,
त्यांनी एकमेकींच्या पापण्या ओढून पाहिल्या,
बाकावर बसून, हसत, आरसा नसल्यासारख्या.
नऊ नंबरच्या खिडकीनं तेव्हाही तोच खण उघडला होता.

त्याच्या पुढच्या महिन्यात पाच.
इमामबीला रात्री धाप लागली.
इस्पितळ चार किलोमीटर.
मुकादमानं तिला पहाटेच्या हल्याळ बसमध्ये बसवलं,
आपल्या माणसांत बरं वाटेल म्हणून.
अनमोडचा घाट चढेपर्यंत बोलत होती म्हणे.

रेमेदीननं तिचं पाकीट परत आणलं.
माझ्या टेबलावर गोळ्या मोजून ठेवल्या,
दोन दोन करत, बावीस.
"कुणाला वाटल्या नाहीत," ती म्हणाली.